दुसरा जामीनदार

३ जून, मंगळवार

पुढारीबाई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी आठवडाभर तिचं डोकं खात होतो.

घरी सगळे बरे आहेत. आबांना ऐकू कमी येतं, बोलणं मात्र कमी झालेलं नाही. मी अजून तेच करतो, लोकांना गाडी चालवायला शिकवतो. मध्यंतरी गाडी बदलली. म्हणजे जुनीच घेतली, पण मला नवी. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, म्हणून हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.

आता मुद्द्यावर येतो. तू शेवटची पाहिलीस तेव्हा तुझी भाची टेबलाखाली बसून पाहुण्यांच्या बुटांच्या जोड्या बदलत होती. ती आता अठरा वर्षांची झाली आणि तिला राज्यशास्त्र शिकायचं आहे. हो, राज्यशास्त्र. आम्ही तिला सायन्स सुचवलं, हिशेबाचा कोर्स सुचवला, तुझ्या वहिनीने तर नर्सिंगचं माहितीपत्रक तिच्या उशाखाली ठेवून पाहिलं. बाई ढिम्म. लांबच्या मोठ्या विद्यापीठात प्रवेशही मिळवून बसली आहे, त्यामुळे मार्क कमी पडले म्हणून हळहळायची आमची सोयही गेली. फी, राहणं, खाणं मिळून जो आकडा होतो, त्याला बँकेचं कर्ज लागणार आणि त्या कर्जाला जामीन मी. अठरा जुलैपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल.

मला पैशांचा हिशेब पैशांत जमत नाही, हे तुला माहीत आहे. मी शिकाऊंमध्ये मोजतो. एका शिकाऊची पूर्ण फी म्हणजे एक शिकाऊ. आमचं घरभाडं तीन शिकाऊ. मागच्या वर्षी आबांचे दात झाले ते पाच शिकाऊ. आणि या पोरीचं राज्यशास्त्र दोनशे शिकाऊ! दोनशे माणसांनी माझी गाडी फुटपाथवर चढवली की एक मुलगी पदवीधर होणार.

मी पैसे मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्या सगळ्या नात्यागोत्यात हे शिकलेलं माणूस एकच आहे, ती तू. तेही कर्ज काढून. म्हणून सरळ विचारतो: परवडलं का? आता तू किती कमावतेस? गोल गोल उत्तर नको, आकडा लिही.

आबांना या पत्राचा पत्ता नाही.

दादा

१४ जून, शनिवार

पुढारी,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं आहे. ठीक आहे. तू बोलेपर्यंत मी हातावर हात धरून बसणार नाही, माझी चौकशी मी सुरू केली आहे.

माझ्या धंद्यात एक सोय आहे. नवखा माणूस स्टिअरिंगवर बसला की त्याला थाप मारता येत नाही. सगळं डोकं क्लचमध्ये अडकलेलं असतं, खोटं रचायला जागाच उरत नाही. त्यामुळे लोक मला पगार, आजार, सासूशी वाजलेलं भांडण, सगळं सांगून टाकतात आणि गाडीतून उतरल्यावर पस्तावतात. सध्या मी प्रत्येकाला एकच विचारतो. शिकलात काय आणि मिळतं किती?

नशीब बघ. माझ्याकडे या महिन्यात राज्यशास्त्राचे दोन पदवीधर निघाले. एक बाई आहे, विमा कंपनीत तक्रारी घेते. चांगला पगार आहे, माझ्या तोंडातून शीळ निघाली एवढा. मी म्हटलं, "यात राज्यशास्त्र कुठे आलं?" तर म्हणाली, "दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायला तिथेच शिकले. इथे दिवसभर तेच करते." माझं मन एकदम हलकं झालं. त्या दिवशी मी घरी पोरीशी गोड बोललो.

दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. तीच पदवी. टॅक्सी चालवायची आहे म्हणून गाडी शिकतोय, हप्ते थकलेत, आईला सांगितलेलं नाही. मी त्याला सहज त्या बाईचं वर्णन सांगितलं. म्हणतो, "हो, ओळखतो की. आम्ही एकाच बाकावर बसायचो. परीक्षेत माझी वही बघून लिहायची ती."

आता सांग, मी काय समजायचं? एकच वर्ग, एकच बाक, एकाच वहीतली उत्तरं, आणि एक तिकडे नि एक इकडे. त्या दिवशी मी घरी कुणाशीच नीट बोललो नाही.

त्यात भर म्हणजे बँकेत शिक्षणाची कर्जं बघणारे साहेब माझ्याकडेच शिकायला येतात. काचेमागे वाघ असतात, पण चढावर गाडी थांबवायला सांगितली की घामाघूम. मी मुद्दाम चढावरच विषय काढला.

"मास्तर, शिकत असताना हप्ता नसतो," ते म्हणाले.

"वा! हे बरं आहे."

"पण व्याज असतं."

"म्हणजे ती वर्गात बसलेली असताना?"

"झोपलेली असतानासुद्धा. मास्तर, ब्रेक कुठला?"

"मधला. आणि शिकून झाल्यावर नोकरी लागली नाही तर?"

"तर तुम्ही आहात ना," असं म्हणून त्यांनी गाडी मागे सोडली. जादा ब्रेक मी दाबला म्हणून मागचा दूधवाला वाचला.

घरी येऊन व्याजासकट शिकाऊ मोजले. तुझी वहिनी भांडी पुसत ऐकत होती. म्हणाली, "अहो, आणि पेट्रोल?" मी म्हटलं, कसलं पेट्रोल? "शिकाऊ आला की त्याची सगळी फी तुम्ही कर्जात धरलीत. गाडी काय पाण्यावर चालते?" मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत मी कधी पेट्रोल वजा केलंच नव्हतं. म्हणजे दोनशे शिकाऊ नाहीत, तीनशेच्या वर आहेत. आणि म्हणजे माझी स्वतःची कमाईही मी समजत होतो तेवढी कधीच नव्हती. हे कळून बरं वाटलं की वाईट, ते विचारू नकोस.

पोर तर रोज वाद घालते. काल म्हणते, "बाबा, तुमच्या गाडीवर कर किती लावायचा हे कोण ठरवतं, का ठरवतं, हे कुणीतरी शिकायला नको?" मी म्हटलं, हवं की, जरूर शिकायला हवं. पण दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीने. यावर तिने मला अर्धा तास झाडलं. तुझीच भाची.

मी पैसे मागत नाही, हे विसरू नकोस.

दादा

२५ जून, बुधवार

पुढारी,

तुझं पत्र आलं. तू आकडा लिहिलास. आभार मानू की माफी मागू, तेच कळेनासं झालं आहे.

"दादा, त्या घरातून हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जातोय," असं तू सुरुवातीलाच लिहिलं आहेस. मला खरंच माहीत नव्हतं. तू घर सोडलंस त्या दिवशी मी शिकवणीवर बाहेर होतो. आलो तेव्हा तू बॅग भरत होतीस आणि कुणी काही सांगायला तयार नव्हतं. हप्ते थकले, बँकेचा माणूस आला, जामीन आबा होते म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि तू रागावलीस, एवढंच माझ्या कानावर आलं होतं. त्यांनी तुला बाहेर बोलावलं, त्या माणसासमोर दारात उभं केलं आणि अख्खी गल्ली ऐकत असताना "सांग यांना, किती कमावतेस ते" म्हणाले, हे मला परवा तुझ्या पत्रातून कळलं. आणि मी शहाणा, पहिल्याच पत्रात तेच विचारून बसलो. वाचताना माझे कान गरम झाले.

तरी तू उत्तर दिलंस. पहिली काही वर्षं तू माझ्याहून कमी कमवत होतीस. मतदारांची पाहणी करणारी ती संस्था बंद पडली, मग कंत्राटावर शिकवलंस, मग मध्ये काहीच नव्हतं. आता नगरपालिकेच्या सभांमध्ये कोण काय बोललं त्याचं टिपण काढतेस आणि माझ्या चांगल्या महिन्याहून थोडं जास्त मिळतं. आबांनी भरलेले हप्तेही तू त्यांना परत केलेस. हे सगळं मी शिकाऊंमध्ये उतरवलं, पेट्रोल वजा करून. सुरुवातीची वर्षं धरली तर हा शुद्ध वेडेपणा आहे. आताची धरली तर बरं चाललं आहे. मग धरायचं कोणतं वर्ष?

आणि तुझं शेवटचं वाक्य. "परवडलं का, ते सांगता येत नाही. न शिकलेली मी कुठे राहते ते मला माहीत नाही, नाहीतर तिला जाऊन विचारलं असतं." यावर मी दोन दिवस विचार केला. काही हाती लागलं नाही, पण तू लहानपणी अशीच उत्तरं द्यायचीस आणि मला अशीच चीड यायची. या वेळी चिडता चिडता हसू आलं.

आबा झोपल्यावर मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. पोरीने मध्ये एक शब्द काढला नाही. मला वाटलं, पटतंय.

आता एक सांगायचं राहिलं आहे. राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. माझ्याकडे पगाराची पावती नाही. शिकाऊ काय पावती देणार? बँक म्हणते, बाप जामीन चालेल, पण सोबत पक्क्या पगाराचा दुसरा जामीनदार हवा. हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच माहीत होतं. तुझ्या वहिनीच्या माहेरी विचारून झालं, माझ्या दोन मित्रांना विचारून झालं. एकाने आजारपण काढलं, दुसऱ्याने फोनच उचलणं सोडलं.

मी अजूनही मागत नाही. नुसतं सांगतोय. तुझ्या गावच्या शाखेत सही केली तरी चालते, असं साहेब म्हणाले. हेही नुसतंच सांगतोय. कोरे कागद सोबत आहेत ते चुकून पाकिटात आले असं समज.

दादा

२ जुलै, बुधवार

पुढारी,

तुझे सहीचे कागद काल मिळाले. पगाराच्या पावत्या, शिक्के, सगळं जागच्या जागी. चिठ्ठी मात्र नाही, एक ओळसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. वहिनी म्हणाली, अहो फरशी ओली आहे.

संध्याकाळी पोर आली. तिच्यापुढे कागद ठेवले. म्हटलं, घे, आत्या तुझी दुसरी जामीनदार झाली, उद्या बँकेत जाऊ. तिने कागद पाहिले, तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नको बाबा. मी नाही जात."

मला वाटलं, पगाराचे आकडे ऐकून घाबरली. म्हटलं, अगं, सुरुवातीला कमी असतो, मग वाढतो, आत्याने लिहिलं आहे ना? महिनाभर तिच्या विरुद्ध बोललेलं सगळं मी तिच्या बाजूने बोलायला लागलो. विमा कंपनीच्या बाईचं कौतुक केलं. टॅक्सीवाल्याचं नावही काढलं नाही.

"पगाराचं नाही काही," ती म्हणाली. "आत्याचं कर्ज फिटलं ना?"

"फिटलं."

"आबांचे पैसे परत मिळाले ना?"

"मिळाले."

"मग ते दोघं बोलत का नाहीत?"

मी कागदांच्या कडा जुळवायला लागलो.

"पैसे फिटले, तरी घर तुटलं ते तुटलंच. माझे हप्ते थकले आणि तो माणूस आत्याच्या दारात गेला, तर? किंवा इथे आला, तर? तुम्ही मला विचारणार नाही, किती कमावतेस म्हणून?"

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. पुढारी, माझं तोंड उघडलं नाही. महिनाभर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी दुसरं काय विचारतोय? तिला ते ठाऊक आहे. तिने माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि कागद नीट घडी करून फाइलीत ठेवले. म्हणाली, जवळच्या कॉलेजात हिशेबाचा कोर्स करते, त्याला कर्ज लागत नाही. मी विचारलं, तुला आवडेल? "तुम्ही म्हणाल तसं."

या पोरीने आयुष्यात "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलेलं नाही. शाळेत पोचवताना कोणत्या रस्त्याने जायचं यावरूनही ती भांडायची. आता घरात वादच होत नाही. जेवताना मीठ द्या, पाणी द्या, एवढंच बोलणं. सरकारने गाड्यांवरचा कर वाढवला ते बरोबरच झालं, असं काहीतरी मी मुद्दाम बोललो. ती "हं" म्हणाली आणि ताट घेऊन उठली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

महिनाभर मी तिच्याशी ज्यासाठी वाद घातला ते झालं आहे. कर्ज नाही, व्याज नाही, तीनशे शिकाऊ वाचले. आणि मला ते नको आहे. हे मी कोणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर म्हणतील, मास्तर, फायदा झाला की.

फाइल फ्रिजवर पडून आहे. तू काही कर, असं म्हणत नाही. काय करायला हवं ते मला माहीत असतं तर लिहिलं असतं. तुझ्या सहीबद्दल आभार मानायचे आहेत, पण कशाचे मानू?

दादा

९ जुलै, बुधवार

पुढारी,

आबांना कळलं. मी सांगितलं नाही, शपथ. रविवारी त्यांनीच पोरीला विचारलं की, जायचं आहे तर सामान का बांधत नाहीस? तिने हळूच सांगितलं, जात नाही. आबांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, "का? मोठ्याने बोल." मग ती मोठ्याने बोलली. मोठ्याने म्हणजे किती? समोरच्या दुकानदाराने शटर ओढताना हात थांबवला एवढ्या मोठ्याने. "तुमचं आणि आत्याचं झालं तसं माझं आणि बाबांचं व्हायला नको म्हणून!"

या वेळीही अख्ख्या गल्लीने ऐकलं. आबांनीही ऐकलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले, संध्याकाळचा चहाही घेतला नाही. पोर घाबरली, वहिनी मला बोलली, मी कुणाला बोलू ते न कळल्याने गाडीचे टायर तपासत बसलो.

काल दुपारी आबा चालत स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "तिला पत्रं लिहितोस ना?" म्हणाले. मावशीच्या पोटात काही राहत नाही. मी हो म्हटलं. "दुसरी जामीनदार ती झाली?" हो म्हटलं. "मग तिला कुणीतरी सांगायला हवं. तिला जामीन राहायची सवय नाही. लिही."

मी लिहून घेतलं. पोर दारात उभी राहून ऐकत होती, हात पिठाचे होते. सगळं लिहून झाल्यावर तिने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि आबांच्या शेजारी येऊन बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आबा, यात व्याजाचं काहीच नाही." आबा म्हणाले, "ते तुझ्या बापाला कळत नाही, मला काय कळणार?" आणि दोघं भांडायला लागले. मी इतका आनंदलो की मध्येच उठून पाणी प्यायला गेलो.

फाइल फ्रिजवरून खाली आली आहे. ती फोटो शोधते आहे, जुना चालेल का म्हणून विचारते आहे. उद्या सकाळी साहेबांचा शिकवणीचा तास आहे. तो झाला की त्याच गाडीतून आम्ही दोघं बँकेत जाऊ. किती कमावतेस हे मी तिला कधीच विचारणार नाही, असं तिला सांगितलं आहे. तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

हिशेब अजून जुळलेला नाही. काल पुन्हा मांडला. एकदा वजा आला, एकदा अधिक, आणि तिसऱ्यांदा वहिनीने पेन काढून घेतलं. ती किती कमावेल, कधी कमावेल, की टॅक्सी शिकायला माझ्याकडेच येईल, मला काही माहीत नाही. सही मात्र मी करणार आहे, ते आत्ताच सांगतो.

आता आबांचं. ते बोलले तसंच लिहितो, कारण प्रत्येक वाक्य त्यांनी मला परत वाचून दाखवायला लावलं. मोठ्याने.

"आधीचा जामीनदार या नात्याने नव्या जामीनदाराला सांगतो. हप्ता चुकला तर बँकेचा माणूस घरी येतो. तो सभ्य असतो, ओरडत नाही. ओरडतो आपणच. त्याला दारात उभं करू नये. आत घ्यावं, खुर्ची द्यावी, दार लावून घ्यावं. पोर घरात असली तर तिला आत पाणी आणायला पाठवावं, आणि ती बाहेर यायच्या आत काय ते बोलून त्याला वाटेला लावावं. म्हणजे तिच्या कानावर काही पडत नाही. मला त्या दिवशी हे सुचलं नाही."

दादा